मामीचे गुडघे आणि मळ्यातला मुक्काम

ताई,

मी मूळची जळगावची, सध्या पुण्यात. कॉलेजच्या आम्ही सहा मैत्रिणी पुणे, नाशिक, ठाणे अशा पांगलो आहोत. दरवर्षी 'यंदा निवांत भेटू' म्हणतो आणि एखाद्या हॉटेलात दोन तास जेवून घरी परततो. येत्या जानेवारीसाठी मी पुढाकार घेतलाय. अडावदजवळ माझ्या मामांचा मळा आहे: केळी, कापूस, थोडा दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. मळ्यातच दोन खोल्यांचं घर, मोठा ओटा, बाजूला पत्र्याचं शेड. २६ जानेवारीला जोडून दोन रात्री राहायचं, शेकोटी, भरीत, रजया आणि गप्पा, असं डोक्यात होतं.

पण ग्रुपवर एक म्हणते रिसॉर्टच बघ, पूल तरी असेल. एकीला सहा वर्षांच्या मुलीला आणायचंय, बाकीच्यांना मुलं नकोत. दोघींना 'थोडी वाइन' हवी आणि मामा माळकरी आहेत. मामा एक रुपयाही घेणार नाहीत. मामीला फोन केला तर म्हणाली, "मी शे ना, तू कसाले काळजी करस?" आणि तेव्हापासूनच मला काळजी लागलीय, कारण तिचे गुडघे दुखतात आणि ती सांगत नाही. सरळ रिसॉर्ट बुक करून मोकळी होऊ का?

— अडावदची भाची, पुणे

*

प्रिय भाची,

मामीच्या त्या वाक्यापाशी तू अडलीस, म्हणून मला तुझी बाजू घ्यावीशी वाटते. पूल, वाइन, पोरगी हे प्रश्न फोनवर मिटतील. मामीचा मिटणार नाही, कारण ती तक्रार करणारच नाही. सहा पोरी येणार म्हटल्यावर ती पहाटे साडेचारला उठेल, बंब पेटवेल, चहाचं आधण ठेवेल आणि तुम्ही निघेपर्यंत बूड टेकणार नाही. वर जाताना प्रत्येकीच्या हातात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी ठेवेल. तुम्ही गाडीत बसून म्हणाल, मामी किती गं प्रेमळ! आहेच ती. पण सोमवारी जिना चढताना कळ तिला येणार आहे.

रिसॉर्ट नको, मळ्यावरच जा. साधा शनिवार-रविवार धर, तारखेचं शेवटी सांगते. फक्त बेताची सुरुवात मामीच्या कामापासून कर. तिला काहीच करू द्यायचं नाही, असं मात्र ठरवू नकोस. स्वतःच्या चुलीपाशी स्वतःच पाहुणी होऊन बसायला कुठल्याच बाईला आवडत नाही, खान्देशातल्या तर नाहीच. तिच्याकडे एक मानाचं काम ठेव: भरिताची फोडणी. मिरची किती, तेल किती, मीठ कधी, हे ती सांगेल आणि तुम्ही ऐकाल. बाकी कामांना माणूस लाव.

सगळ्यात आधी भाकरी. तुम्ही सहा, एक पोरगी, मामा-मामी, झाली नऊ माणसं. माणशी दोन धरल्या तरी एका वेळेला अठरा-वीस कळण्याच्या भाकरी. ज्वारी-उडदाचं पीठ मळायचं, एकेक थापायची, तव्यावर पाणी फिरवायचं, मग निखाऱ्यावर फुगवायची. तासभर चुलीपुढे उकिडवं बसणं आलं, आणि दुखऱ्या गुडघ्यांना याहून वाईट काम नाही. गावात पैसे घेऊन भाकरी-पुऱ्या करून देणाऱ्या बायका असतात. मामीलाच विचार, नाव तीच सुचवेल, म्हणजे तिचा शब्दही राहील. मात्र हे महिनाभर आधी विचार, ऐनवेळी नाही.

दुसरं, मळ्यात सालदाराचं कुटुंब राहत असेल तर त्याच्या बायकोला गृहीत धरू नका. सालदाराचा करार मामांशी असतो, शेतकामाचा असतो, आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत असतो. तुमच्या कपबश्या त्यात बसत नाहीत. भांडी आणि झाडलोट तिच्याकडून करून घ्यायची असेल तर आधी तिची तयारी आहे का ते विचारा, ती सांगेल ती मजुरी ठरवा आणि निघायच्या गडबडीत नाही, पहिल्याच दिवशी तिच्या हातात द्या. त्या दिवसांत तिला कापूस वेचणीचा रोज मिळत असेल तर तुमचं काम त्या रोजापेक्षा कमी भावाचं नको.

मामा पैसे घेणार नाहीत, आणि तू पाकीट पुढे केलंस तर रागावतीलही. तो हट्ट करू नकोस. त्याऐवजी नऊ जणांचा सगळा किराणा जळगावहून भरून ने: शेंगदाणे, शेंगदाणा तेल, सुकं खोबरं, डाळ, गूळ, चहा-साखर. खर्चासाठी सगळ्यांकडून आधीच सारखी रक्कम गोळा करा आणि हिशोब तुझ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे तरी दे. यजमानीण आणि खजिनदार एकच असली की तिसऱ्या तासाला तिचा चेहरा उतरतो. थोडे सुटे पैसेही जवळ ठेवा. मळ्यात रेंज असेलच असं नाही, आणि भाकरी करून देणाऱ्या आजींना क्यूआर कोड दाखवायला सांगू नका.

मामांसाठी काही न्यायचंच असेल तर लांब झोत टाकणारी चांगली चार्जिंगची बॅटरी ने. का ते सांगते. तुम्हाला जी थंडी हवीय, ती मामांना नकोशी आहे. पारा दहाच्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडायला लागतात, घडाची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, रखडते. अशा रात्री केळी उत्पादक विहिरीचं पाणी बागेला सोडतो, कारण जमिनीखालचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं, आणि पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा पेटवून बागेत धूर कोंडतो. त्यातून त्या आठवड्यात शेतीपंपाच्या थ्री फेज लाईनची, म्हणजे विजेची, पाळी रात्रीची असली तर जागरण ठरलेलंच. म्हणजे तुम्ही शेकोटीभोवती अंताक्षरी खेळत असाल तेव्हा मामा कदाचित केळीत गुडघाभर अंधारात उभे असतील. एकदोघींनी त्यांच्याबरोबर जाऊन बघावं, पण पायात बूट घालून. ब्लूटूथ स्पीकर मात्र घरी ठेवा. रात्री मळ्यात आवाज फार लांब जातो, आणि सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या बागांतून बिबट्याचा वावर असतो, तेव्हा बागेला पाणी देणाऱ्या माणसाला आजूबाजूची चाहूल ऐकू यायला हवी.

लाईनच्या पाळीचा संबंध तुमच्या आंघोळीशीही आहे. मोटर चालेल तेव्हाच टाकी भरणार. जाण्याच्या आठवड्यात मामांना फोन करून पाळी विचारून घे आणि ड्रम भरून ठेवायला सांग.

आता झोपायचं. पुण्याच्या थंडीवर हिशोब करू नका. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की भराभर निवते. दुपारी टी-शर्टवर हिंडावं आणि पहाटे कानटोपी शोधावी, हे एकाच दिवसात होतं. जळगावचा पारा थंडीची लाट आली की आठ-नऊवर येतो, आमच्या धुळ्यात त्याहूनही खाली. उघड्या मळ्यात शहरापेक्षा गार लागतं. मामांकडे गोधड्या असतील, पण नऊ जणांच्या नसतील, आणि असल्या तरी त्या धुण्याचं काम परत मामीकडेच जाईल. चोपड्यातल्या किंवा अडावदच्या बिछायतवाल्याकडून गाद्या आणि रजया दोन रात्रींसाठी भाड्यानं घ्या. प्रत्येकीनं आपली चादर आणि एक जाड शाल घरून आणावी. ओट्यावर झोपायची हौस पहिल्या रात्री प्रत्येकीला येते, पण पहाटे दव पडतं आणि तीनला सगळ्या आत येतात. पत्र्याखालीही गारठा उतरतोच. त्यापेक्षा सुरुवातीलाच खोलीत दाटीवाटीनं झोपा.

यात दोन गोष्टी आधी विचारून घे. पहिली, त्या दोन खोल्यांपैकी एकीत कापूस भरलेला नाही ना? भाव वाढायची वाट बघत जानेवारीत पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरात छतापर्यंत कापूस असतो. तसं असेल तर झोपायला एकच खोली उरते, कापसाजवळ झोपलं तर अंगाला खाज सुटते आणि घरात ठिणगीसुद्धा चालत नाही. मग चार जणी मळ्यात आणि तीन गावातल्या घरी, असं काही करावं लागेल. ते जळगाव स्टेशनवर उतरल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. दुसरी, बाथरूम आणि संडास किती? एकच असेल तर ग्रुपवर तसं स्पष्ट लिही आणि फोटो टाक.

त्या फोटोनं पूलवाल्या मैत्रिणीचा प्रश्नही सुटेल असा माझा अंदाज आहे. जानेवारीच्या गारठ्यात पूलमध्ये उतरायला ती काही वेडी नाही. तिला बहुधा स्वच्छ बाथरूम आणि पाठीला बरी गादी हवी आहे, आणि 'मला मळ्यातल्या संडासाची धास्ती वाटते' हे पाच जणींसमोर लिहायला ती लाजतेय. तिला वेगळा फोन कर. फोटो बघूनही नको वाटलं तर रात्री चोपड्यात लॉजवर राहा, सकाळी रिक्षानं ये, असं मोकळेपणानं सांग. यात मैत्री तुटण्यासारखं काही नाही.

खोलीत ऊब हवी म्हणून घमेल्यात निखारे भरून आत नेऊ नका, दार-खिडक्या लावून तर मुळीच नाही. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. "आम्ही तर दरवर्षी ठेवतो" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पायाशी घ्या.

शेकोटी अंगणात, मोकळ्या मातीवर. कापूस, कडबा, ठिबकच्या नळ्या यांच्यापासून लांब, आणि वारा कुठून वाहतोय ते बघून. हाताशी पाण्याच्या दोन बादल्या असू द्या. प्लॅस्टिक त्यात टाकायचं नाही, वेफर्सची रिकामी पाकिटंसुद्धा नाही.

भरिताबद्दल मात्र मी थोडी लांबण लावणार आहे. तुमची ही अख्खी सहल त्या एका संध्याकाळसाठी आहे, आणि पुण्यात राहून तुझे हात विसरले असतील. वांगी हिरवी, मोठी, भरिताची. २०१६ साली जळगावच्या केळ्यासोबत ज्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते हेच. आकारानं मोठं पण हातात हलकं लागेल ते निवडायचं. जड वांग्यात बिया जास्त. नऊ माणसांना तीन किलो धर, कारण साल आणि पाणी जाऊन ते पार आटतं. काड्या कापसाच्या. जानेवारीत पऱ्हाट्या उपटून बांधाला ढीग लागलेले असतात, बोंडअळीमुळे फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच झाड राखून पुन्हा पीक, घेऊ नका असं कृषी खातं दरवर्षी बजावतं, तेव्हा काड्यांना तोटा नाही. पण त्या दुपारीच, उन्हं असताना शेडमध्ये आणून ठेवा. संध्याकाळी दवानं ओलावलेल्या काड्या पेटत कमी, धुपतात जास्त, आणि भरिताला धुराचा कडवटपणा येतो.

वांग्यांना तेलाचा हात लावून सुरीनं दोन-तीन टोचे मारायचे, म्हणजे फुटत नाहीत. काड्यांच्या थरावर वांगी, वर परत काड्या, आणि पेटवायचं. जाळ भडकून खाली बसतो, मग लांब काठीनं वांगी उलटायची. देठाजवळ दाबलं की बोट आत गेलं पाहिजे. पोट मऊ आणि मान कच्ची राहिली तर ती गाठ नंतर तोंडात येते. सालं गरम असतानाच काढायची, चटके बसतात, आणि याच वेळी सगळ्या जणी एकदम खऱ्याखुऱ्या बोलायला लागतात असा माझा अनुभव आहे. त्याच निखाऱ्यावर हिरव्या मिरच्या भाजून घ्यायच्या. मग मिरची-लसूण आणि वांगी बडगीत, म्हणजे भरीत घोटायच्या लाकडी भांड्यात, घालून घोटायचं. बडगी मामीकडे असणारच. मिक्सर असला तरी त्याला हात लावू नका, त्यानं भरिताचा चिकट लगदा होतो. पुढे तेल, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर, आणि इथे मामीचं राज्य सुरू. तिच्यासाठी खुर्ची आणि उंच शेगडी मांडून ठेवा. चुलीवर नाही, गॅसवर फोडणी दिली म्हणून काही बिघडत नाही.

सोबत कळण्याची भाकरी, मुळा, कच्चा कांदा, कढी. पोरीसाठी पुऱ्या. याहून जास्त पदार्थ करू नका. दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी करायचा मोह होईल, पण ते पुढच्या खेपेला. रविवारी सकाळचं जेवण खिचडी-कढीचं, आणि तीसुद्धा तुम्ही सहा जणींनी करायची. शनिवारी गाडी लेट झाली, वारा सुटला, जाळ करता येईना, तर जळगावात हिवाळ्यात किलोवर तयार भरीत विकणारी केंद्रं आहेत, तिथून उचला. मामी नाक मुरडेल, पण उपाशी झोपण्यापेक्षा बरं.

दादर हुरड्यात आला असेल तर शनिवारी दुपारी हुरडा होईल. त्याची तारीख दादर ठरवतो, तुम्ही नाही, म्हणून मामांना विचारून घे.

वाइन नाही. यावर मतदान घेऊ नकोस. माळकऱ्याच्या मळ्यात शेडच्या मागे लपूनही नाही, कारण रिकामी बाटली केळीत सापडते आणि चार लोकांत मान खाली जाते ती मामांची. त्या दोघींना ग्रुपवर उपदेश न करता एकेकीला फोन करून सांग. दोन रात्रींचा प्रश्न आहे, समजूतदार असतील तर विषय तिथेच संपेल.

पोरीला येऊ दे. तिच्या आईला घरी ठेवायला कुणी नसेल म्हणूनच ती विचारतेय, आणि 'मुलं नकोत' म्हणजे तिच्यापुरतं 'तू नको' असं होतं. मात्र मळ्यात सहा वर्षांच्या मुलीला दोन मोठे धोके आहेत. एक विहीर, जुन्या विहिरींना कठडा नसतो. दुसरं शेततळं, आणि ते मला विहिरीपेक्षा भयंकर वाटतं, कारण ते उथळ आणि निळं दिसतं, खेळावंसं वाटतं. त्याचं प्लॅस्टिकचं अस्तर ओलं झालं की इतकं निसरडं होतं की मोठ्या माणसालाही चढून वर येता येत नाही. मामांच्या किंवा शेजारच्या मळ्यात शेततळं आहे का, कुंपण आहे का, ते विचार. दोर आणि रिकामी हवाबंद कॅन तिथे ठेवायला सांग. आणि पोरीवर लक्ष ठेवायच्या पाळ्या लावा, आईसकट सगळ्यांच्या. मामीला त्यात धरू नका.

फिरायची यादी कुणीतरी करेलच: मनुदेवी, पाल, उनपदेव, वर तोरणमाळ. तोरणमाळ विसरा, ते पार शहाद्याच्या पलीकडे, नंदुरबार जिल्ह्यात घाट चढून आहे, जाण्या-येण्यातच दिवस जाईल. एकच ठिकाण निवडा, आणि ते उनपदेव. अडावदहून जवळ आहे, सातपुड्याच्या कुशीत, गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. रविवारी उजाडताच जा, गर्दी व्हायच्या आत. दोन दिवसांत तेवढं बस झालं. शनिवारची दुपार रिकामी ठेव, अगदी ठरवून. तुम्ही इतकी वर्षं हॉटेलात दोन तास भेटत होतात, तेव्हा तुम्हाला कार्यक्रम कमी पडत नव्हता, वेळ कमी पडत होता.

राहिला तारखेचा मुद्दा. २६ जानेवारीला जोडून जाऊ नका. तेव्हा पुण्या-मुंबईहून खान्देशाकडे येणाऱ्या गाड्या भरून वाहतात आणि परतीचं तिकीट तर मिळतच नाही. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा साधा शनिवार-रविवार घ्या, थंडी तीच असते. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धातल्या प्रवासासाठी नोव्हेंबर संपता संपता बसावं लागेल. पुण्याहून तुला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. नाशिकवाली आणि ठाणेवाली यांनी आपापली गाडी बघून जळगावला साधारण एकाच वेळी उतरा, म्हणजे पुढे अडावदपर्यंत एकच गाडी ठरवता येईल. पण तिकिटं काढण्याआधी मामीला फोन कर, आणि या वेळी 'आम्ही येतोय' एवढंच न सांगता भाकरीवाल्या बाईचं नाव विचार.